उलटकाकूंचा जबाब

नोटीस तबेल्याच्या दारावर चार खिळे ठोकून लावलेली होती. उलटकाकूंना पहिला राग आला तो नोटिशीचा नाही, खिळ्यांचा.

"जुनं जपायचं खातं म्हणे!" घोड्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या. "या दाराला घोडीनंसुद्धा कधी लाथ मारली नाही, आणि यांनी चार खिळे मारले."

नाल उपटायची पकड आणून त्यांनी चारही खिळे काढले, खिशात टाकले आणि मग चष्मा लावून कागद वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचला, कारण सरकारी कागद पहिल्या वाचनात कुणालाच कळत नाही. मजकूर असा होता, की हे दगडी शेतघर आता ऐतिहासिक वास्तू ठरलं आहे. त्याचं मूळ रूप राखायचं आहे. घराला जोडलेला तबेला ही नंतरची भर असल्यामुळे तो नव्वद दिवसांत काढून टाकावा. घराच्या भिंतींना मात्र कुणीही परवानगीशिवाय हात लावू नये.

थोडक्यात, घर राहणार होतं आणि तबेला जाणार होता. काकूंनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "बघू कोण काढतं ते."

त्यांना उलटकाकू म्हणत, ते उगाच नाही. समोरच्यानं आज ऊन आहे म्हटलं, तर या म्हणायच्या, "संध्याकाळी सांगा." डॉक्टरांनी गुडघ्याला आराम द्यायला सांगितला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "आणि माझ्या घोड्यांना काय सांगू?" वय सहासष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलता मुलगा शहरात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. इथं त्या, एक म्हातारी तांबडी घोडी, तिची काळी लेक आणि पायाखाली हिवाळ्यात बर्फानं झाकला जाणारा उतार. डोंगराच्या ज्या अंगाला ट्रॅक्टर उलटतो, तिथले तोडलेले ओंडके काकूंच्या घोड्या साखळीनं ओढून खाली रस्त्यापर्यंत आणत. लाकडाच्या वखारीला हे काम करून देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तबेला गेला तर घोड्या विकाव्या लागणार होत्या, आणि घोड्या गेल्या तर काकूंनी सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न होता. एवढा सरळ हिशेब खात्याला कसा कळत नाही, याचंच त्यांना नवल वाटे.

बाकी वास्तू होतीच तशी, की कुणीही थांबून बघावं. उतारावर आडवी पसरलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक्केचाळीस पावलं, वर एकच सलग आढं आणि त्यावर जाड दगडी पाट्यांचं छप्पर. वरच्या अंगाला घर, खालच्या अंगाला तबेला. तबेल्याची जमीन घरापेक्षा हातभर खाली, म्हणजे धुतलेलं पाणी आणि घाण आपोआप उतारानं बाहेर पडते, घराकडे येत नाही. भिंती दोन हात रुंद. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मध्ये चुन्यात कालवलेले खडे. झरोके बाहेरून चार बोटं आणि आतून दोन हात, त्यामुळे वारा अडतो आणि उजेड तेवढा आत पसरतो. तबेल्यातल्या फरशीला टाकीनं आडव्या खाचा मारलेल्या, ओल्या नालाला पकड मिळावी म्हणून. गव्हाणी एकेका अखंड दगडातून पोखरलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर माळ्याला चौकोनी भोक. माळ्यावरून गवत ढकललं, की ते थेट घोडीच्या तोंडापुढे. ज्यानं हे बांधलं त्याला जनावर कळत होतं, एवढं नक्की. माणसाच्या खोल्या त्यामानानं साध्याच होत्या. स्वयंपाकघरात तर फळी ठोकायला सरळ भिंत सापडायची नाही.

रविवारी मुलगा आला तो खुशीत होता.

"आई, छप्पर दुरुस्त करून देणार आहेत ते. सगळ्या पाट्या नव्यानं बसवणार. आपल्याला काही करायचं नाही."

"तबेला पाडायचाय, ते वाचलंस का?"

"वाचलं." त्यानं बूट काढता काढता आवाज खाली आणला. "तुझंही वय झालं. ओंडके ओढायचं काम किती दिवस करणार? एक दिवस साखळी पायात येईल."

"माझ्या पायात साखळी कुणी घालायची, ते मी ठरवीन," काकू म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी खात्याला हरकत पाठवली. पत्रात तीन ओळी होत्या. तबेला जुना आहे, तो हलणार नाही आणि मीही हलणार नाही.

हरकतीवर पाहणी करायला खात्याच्या मॅडम आल्या. वय तिशीचं, पायांत चिखलाचे बूट, गळ्यात मोजपट्टी. काकूंनी मनात फक्त कागद कळणारी एक बाहुली रंगवून ठेवली होती. पण ही बाई घोडीच्या मागून न जाता पुढून गेली आणि तिच्या मानेवर हात ठेवून मग आत शिरली. काकूंना राग असूनसुद्धा ते आवडलं. मुलगाही रजा टाकून आला होता.

मॅडमनी सगळ्यांना बाहेर दर्शनी भिंतीपाशी नेलं. "हे बघा. घर आणि तबेला जिथं भेटतात, तिथं पायापासून छपरापर्यंत एक सरळ उभी रेघ आहे. दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत. म्हणजे दोन बांधकामं वेगवेगळ्या वेळची."

"असतील. पण आधीचं कोणतं, ते रेघ सांगते का?" काकूंनी विचारलं.

"रेघ नाही सांगत, कोपरा सांगतो." मॅडमनी घराच्या कडेला बोट लावलं. तिथं एक मोठा, एक लहान, पुन्हा एक मोठा असे घडीव दगड जमिनीपासून वरपर्यंत नीट चढत गेले होते. "जे आधी बांधतात, त्याला कोपरा असतो. जे नंतर येतं ते नुसतं येऊन टेकतं. कोपरा घराला आहे. आणि दुसरं म्हणजे..." त्यांनी फाइल उघडली. "पंधरा वर्षांपूर्वी खात्यानं नोंदणी केली, तेव्हाचा हा जबाब. 'तबेला आमच्या पूर्वजांनी बऱ्याच नंतर बांधला. घराचा आणि त्याचा काही संबंध नाही. आत कधीही दार नव्हतं.' खाली सही तुमची आहे, काकू."

मुलानं आईकडे बघितलं. आता काहीतरी उलट उत्तर येणार म्हणून तो सवयीनं थोडा मागेही सरकला. पण काकू फाइलमधल्या सहीकडे बघत होत्या. त्यांचे कान तेवढे लाल झाले होते.

"महिनाअखेरीला माझा शेवटचा अहवाल जाईल," मॅडम फाइल मिटत म्हणाल्या. "त्याआधी काही पुरावा मिळाला तर कळवा. मला पाडायची हौस नाही. पण तुमच्याच शब्दाविरुद्ध मी काय लिहू?"

सही काकूंचीच होती, आणि जबाब खोटा होता.

खोटं सुरू झालं होतं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. काकू बावीस वर्षांच्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या, आणि जीभ तेव्हाही आजच्याइतकीच लांब. तेव्हा स्वयंपाकघरातून तबेल्यात जायला दार होतं. अर्धं दार, वरचा भाग उघडा. घोडीला वाटलं, की ती त्यातून मान आत घालायची आणि चुलीपाशी बसलेल्या माणसांकडे बघत उभी राहायची. काकूंच्या सासऱ्यांना यात काही वावगं दिसत नसे. ते जेवता जेवता तिच्याशी बोलतसुद्धा.

मग काकूंची थोरली बहीण राहायला आली. ती शहरात दिलेली, नाकात बोलणारी. ती पहिला घास घेत असताना घोडी तिच्या खांद्यावरून फुरफुरली आणि सगळं ताट ओलं झालं. बहीण रागावली असती तर परवडलं असतं. ती हसली. माहेरी जाऊन चार घरी सांगून आली, की आमची धाकटी तबेल्यात दिली. तिथून माहेरी काकूंचं नाव पडलं तबेल्याची राणी.

काकूंनी सासरी रडून घेतलं आणि मग सरळ सांगितलं, "मामंजी, हे दार बुजवा. नाहीतर मी चालले." नवरा भिडस्त, तो एकदा वडिलांकडे बघे, एकदा बायकोकडे. सासऱ्यांनी वाद घातला नाही. गवंडी बोलावला. दार बुजलं, त्यावर गिलावा झाला आणि पुढं जो कुणी दारात येईल त्याला काकू न विचारता सांगू लागल्या, की तबेला नंतरचा आहे, आमचा आणि त्याचा काही संबंध नाही. खरं काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी ते मनानं रचलं होतं. शंभरदा सांगितल्यावर ते त्यांना स्वतःलाही खरं वाटू लागलं. पुढं घोड्यांचा लळा लागला, नवऱ्यामागं त्याच कमावत्या झाल्या, लाजही कधीच निघून गेली. पण बुजवलेलं दार उघडायचं म्हणजे आपण चुकलो म्हणायचं, आणि ते काकूंच्या तोंडून निघत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

दुसऱ्या दिवशी त्या गवंड्याकडे गेल्या. तो आता सत्तरीचा होता. हात थरथरत असल्यामुळे त्यानं थापी सोडली होती, पण भिंतींना नावं ठेवायचं सोडलं नव्हतं. अंगणात खुर्ची टाकून तो समोरच्या नव्या घराकडे डोळे बारीक करून बघत बसला होता.

"या वहिनी. ते बघा, ओळंबा न लावता बांधलंय. दोन वर्षांत भेग पडेल."

"दादा, आमच्या घराचा कोपरा बघून खात्याच्या मॅडम म्हणतात घर आधीचं."

गवंड्याचा चेहरा एकदम फुलला. "काय सांगता? खात्याच्या? शिकलेल्या?" तो मांडीवर थाप मारून हसू लागला. "वहिनी, तो कोपरा माझा! दगड नाहीच तो. तुम्ही म्हणालात, घर वेगळं दिसू दे. मी चुन्याच्या गिलाव्यात खोट्या रेघा ओढल्या, दगडाची पूड वर मारली. चव्वेचाळीस वर्षं झाली, एकानंही ओळखला नाही!"

"हसू नका. त्या कोपऱ्यापायी माझा तबेला जातोय."

त्याचं हसू थांबलं, पण पूर्ण नाही. आपल्या हातचं काम खोटं होतं हे खात्यापुढं जाऊन सांगायचं, म्हटल्यावर तो खुर्चीत चुळबुळ करू लागला. बरंच काही पुटपुटला. शेवटी म्हणाला, "कोपरा राहू दे. त्याहून पक्कं दाखवतो. ते दार बुजवलं ना मी, त्याच्या माथ्याचा दगड तुम्ही कधी नीट बघितला होता?"

"पांढऱ्या रंगाची पुटं होती त्यावर. कोण बघतंय?"

"मी बघितला. गिलावा धरावा म्हणून रंग खरवडला, तर खाली साल कोरलेलं. तुमच्या दर्शनी दारावर जे साल आहे ना, त्याच्या सव्वीस वर्षं आधीचं. आणि दगडाच्या पुढच्या कडेला, खालून, आडवी खाच. पागोळी तुटायची खाच. पावसाचं पाणी दगडावरून ओघळत आत येऊ नये, तिथंच ठिबकावं म्हणून मारतात ती. ही खाच स्वयंपाकघराच्या बाजूला आहे, वहिनी. आता मला सांगा, तुमच्या स्वयंपाकघरात पाऊस पडतो का?"

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम उमगलं. ते दार म्हणजे तबेल्याचं बाहेरचं दार होतं. त्याच्यासमोर एके काळी उघडं आकाश होतं. माणसं आधी घोड्यांसाठी बांधून मोकळी झाली, सव्वीस वर्षं स्वतः माळ्यावर गवताशेजारी झोपली असतील, आणि मग कधीतरी त्यांनी तबेल्याला टेकून आपल्यासाठी खोल्या काढल्या. तबेल्यात दिली, असं थोरली हसून म्हणाली होती, ते शब्दशः खरं होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्या गवंड्यावर ओरडल्या.

"सांगणार होतो. तुमच्या मामंजींना हाक मारली. ते बराच वेळ त्या सालाकडे बघत राहिले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, सूनबाईंना दाखवू का? म्हणाले, नको. पोरीला आधीच वाटतंय आपण तिला तबेल्यात आणून टाकलं. आता घरच तबेल्यातून निघालंय असं कळलं तर उद्याच माहेरी जाईल. लिंप, म्हणाले. मी लिंपलं."

काकू उभ्या होत्या, त्या गवंड्याच्या पायरीवर खाली बसल्या. त्यांना सासऱ्यांचे बर्फानं भिजलेले बूट आठवले. दार बुजल्यावर घोड्यांना बघायला जायचं तर दर्शनी दारातून बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा, उतार उतरायचा आणि तबेल्याच्या खालच्या दारानं आत शिरायचं. संध्याकाळी जेवण झालं, की सासरे कंदील घेऊन निघत. बर्फ असो, वारा असो. काकू खिडकीतून तो कंदील हलत जाताना बघायच्या. घोड्यांची ऊब यायची बंद झाल्यामुळे स्वयंपाकघरही गारठलं होतं, पण काकू दोन स्वेटर घालून सगळ्यांना सांगायच्या, की मला नाही बाई थंडी वाजत. सहा हिवाळे म्हातारा असा फिरला. सातवा त्यानं बघितला नाही. त्या सहा वर्षांत एकदाही, रागानं नाही, चेष्टेनंही नाही, तो दाराबद्दल बोलला नव्हता. आणि बोलला नाही म्हणून काकू आजवर समजत होत्या, की आपण बरोबर होतो.

"खूप वाईट वागले मी, दादा," त्या म्हणाल्या. उलटकाकूंच्या तोंडून असलं वाक्य गवंड्यानं पहिल्यांदा ऐकलं. तो पुन्हा समोरच्या घराच्या भिंतीला नावं ठेवू लागला.

घरी येईपर्यंत काकूंचा नूर पालटला होता. घराच्या भिंतीला हात लावायला मनाई होती, ठीक. पण तबेला तर पाडायचाच होता ना? तसा लेखी हुकूम होता. त्यांनी मॅडमना निरोप पाठवला, की आपल्या आदेशाप्रमाणे उद्या सकाळी तबेला पाडायला सुरुवात करत आहे, देखरेखीला यावं. मुलालाही कळवलं. मग घोड्यांना बाहेर कुंपणात बांधलं, डोक्याला फडकं गुंडाळलं, पहार घेतली आणि सकाळी सातला तबेल्याच्या आतून, घराच्या बाजूच्या भिंतीत, बुजवलेल्या दारावर पहिला घाव घातला.

काम गवंड्यानं चोख केलं होतं. पहिला दगड निघायला तासभर लागला आणि काकूंनी तेवढा वेळ त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढचे भराभर आले. दहाच्या सुमारास पलीकडचा गिलावा सुटला आणि स्वयंपाकघरात धुळीचा लोट उठला. त्याबरोबर माथ्याच्या दगडावरचा जाड थरही गळून पडला. काकू भोकातून वाकून स्वयंपाकघरात आल्या, ओल्या फडक्यानं दगड पुसला. साल होतं. खाच होती. त्यांनी खाचेत बोट घातलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

तेवढ्यात मॅडम आल्या, जवळजवळ धावतच. मागून मुलगा.

"काकू! ही भिंत घराची आहे! हिला हात लावायला मनाई होती!"

"मी कुठं घराला हात लावला? मी तबेल्यात उभी राहून तबेला पाडतेय." काकू चुन्यानं पांढऱ्या झालेल्या, हातात पहार. "तबेल्याला चार भिंती असतात, त्यातली ही चौथी. ही तबेल्याची नाही म्हणता, तर तो इतकी वर्षं तीन भिंतींवर कसा उभा राहिला? सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात."

मुलानं कपाळाला हात लावला. मॅडम काहीतरी कडक बोलणार होत्या, पण त्यांची नजर माथ्याच्या दगडावर गेली. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, साल वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली वाकून खाचेला बोट लावलं.

"पागोळीची खाच. आत?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग चौकटीच्या बाजूचे दगड बघितले. त्यांची स्वयंपाकघराकडची तोंडं वाऱ्यापावसानं झिजलेली, तबेल्याकडची कोरीच्या कोरी. मॅडम बाहेर गेल्या. दर्शनी भिंतीच्या त्या देखण्या कोपऱ्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. पोकळ आवाज आला. मोजपट्टीच्या टोकानं जरा उकरलं, तर चुना भुरभुरला.

"मी या कोपऱ्यावर दोन पानं लिहिली आहेत," त्या हताश होऊन म्हणाल्या.

"एवढं ऐकून आमचे गवंडीदादा आणखी दहा वर्षं जगतील," काकू म्हणाल्या.

मॅडमना हसू आलं, पण त्या पुन्हा गंभीर झाल्या. नियम असा होता, की मूळचं ठेवायचं आणि नंतरची भर काढायची. आणि आता समोर दिसत होतं, की मूळचा तबेला आहे.

"म्हणजे घर पाडणार?" मुलगा ओरडला.

"पाडा की," काकू म्हणाल्या. "मी आणि घोड्या तबेल्यात राहतो. छपरालाही जरा कमी पाट्या लागतील."

"कुणी काही पाडणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तबेला आधीचा, घर त्यातून वाढलेलं. दोन्ही मिळूनच ही वास्तू आहे. एकही दगड हलवायचा नाही, असं मी लिहिते. पण एक अडचण आहे. तुमचा जुना जबाब फाइलमध्ये आहे. तो मागं घ्यावा लागेल, आणि कारण द्यावं लागेल." त्यांनी कोरा कागद काढला. "वयोमानामुळे विस्मरण, असं लिहिते. सगळे तेच लिहितात."

"विस्मरण नाही झालं मला."

"आई, लिहू दे ना," मुलगा म्हणाला. "तुझं काम झालं. काय फरक पडतो?"

"मुद्दाम खोटं सांगितलं असं लिहिलं, तर वरून विचारणा होऊ शकते," मॅडमनी समजावलं. "तुम्हाला कचेरीत बोलावतील. पुन्हा पुन्हा तेच विचारतील."

"विचारू देत. मी पुन्हा पुन्हा तेच सांगीन." काकूंनी पहार भिंतीला टेकवली. "लिहा. मी या घरात आले, तेव्हा मला जनावरांची लाज वाटायची. म्हणून मी हे दार बुजवायला लावलं, आणि येईल त्याला खोटं सांगितलं. तुमच्या खात्यालाही सांगितलं. माझ्या सासऱ्यांना खरं काय ते कळलं होतं. त्यांनी मला कधी खोटं पाडलं नाही. सहा हिवाळे ते घोड्यांना बघायला बाहेरून वळसा घालून बर्फातून गेले, आणि मी खिडकीतून बघत राहिले."

मॅडमचं पेन थांबलं. "काकू, शेवटचं वाक्य अहवालाला लागत नाही."

"मला लागतं. या घरात कोण कुठून चालत जायचं, हे लिहायचं नसेल, तर भिंती कशाला मोजता? ते लिहिलं नाहीत तर मी सही करणार नाही. मग तबेला पाडा, घर पाडा, काय हवं ते करा."

मॅडमनी ते वाक्य लिहिलं. कागद आधी मुलानं हातात घेतला. आजोबा गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यांच्याबद्दल घरात कधी फारसं बोलणं होत नसे, आणि का होत नसे ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं सगळं वाचलं, शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि आईकडे बघितलं. काकूंनी नजर चुकवली नाही.

"दे इकडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पूर्ण नावानं सही केली.